दम नेमका कुठे लागतो? : धाप, धाव आणि फुफ्फुसांतील एक भारतीय शोध

नव्याने धावू लागलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते : "पायांत बळ आहे, पण दम पुरत नाही." थंडी पडू लागली, शर्यतींच्या नोंदण्या सुरू झाल्या, की मैदानांवर आणि वसतिगृहांच्या आवारांत हे वाक्य हमखास कानी पडते. त्यामागे एक गृहीतक दडलेले असते. धाप म्हणजे ऑक्सिजनची टंचाई आणि टंचाई म्हणजे फुफ्फुसांचा दुबळेपणा, असे ते गृहीतक. अनेकजण याच समजुतीने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बूट कोपऱ्यात ठेवून देतात. आपली छातीच धावण्याच्या लायकीची नाही, असा निकाल ते स्वतःवर लावून मोकळे होतात.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो चुकीचा का, हे समजून घ्यायला शरीरक्रियाविज्ञानाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. या इतिहासात पॅरिस, ऑक्सफर्ड, कोपनहेगन आणि मँचेस्टर यांच्याबरोबर दिल्लीचेही स्थान आहे. धाप लागण्यामागे असू शकणारे एक चेतातंत्रीय यंत्रणेचे सूत्र ज्यांनी शोधले, त्या अवतार सिंग पेंटल यांच्या जन्माला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ही कथा मुळापासून सांगावीशी वाटते.

मंद ज्वलन

श्वासाचे विज्ञान सुरू होते ते आंत्वान लाव्हाझिए यांच्यापासून. १७८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी गणितज्ञ लाप्लास यांच्यासह एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि त्याच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. तितकाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या जळत्या कोळशाच्या उष्णतेशी त्याची तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की श्वसन हे मंद गतीने होणारे ज्वलनच आहे. पुढे १७९० च्या सुमारास त्यांचे सहकारी आर्मां सेगँ स्वतःच प्रयोगाचे पात्र झाले. तोंडावर मुखवटा बसवून, कधी स्वस्थ बसून तर कधी पायाने काम करीत ते श्वास घेत राहिले. श्रम करताना ऑक्सिजनचा खप विश्रांतीच्या जवळजवळ तिप्पट होतो, असे आढळले. या प्रयोगाची चित्रे मादाम लाव्हाझिए यांनी काढली असून त्यांतील मेजाशी बसून नोंदी घेणारी स्त्री त्या स्वतःच आहेत. १७९४ साली लाव्हाझिए यांचा गिलोटिनखाली अंत झाला आणि हे काम थांबले.

श्रम वाढले की ऑक्सिजन अधिक लागतो, हे येथे सिद्ध झाले. त्यावरून पुढचे पाऊल सोपे वाटते : ऑक्सिजन कमी पडला की शरीर धापा टाकू लागते. शंभर वर्षे बहुतेकांना असेच वाटत होते. निसर्गाने मात्र वेगळी व्यवस्था केली आहे.

मेंदू कशाची मोजणी करतो?

१९०५ साली ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी एक साधी युक्ती वापरली. दीर्घ उच्छ्वासाच्या अगदी शेवटी बाहेर पडणारी हवा ही फुफ्फुसांच्या तळाशी असलेल्या वायुकोशांतील हवा असते. ती गोळा करून त्यांनी तिचे पृथक्करण केले. वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आश्चर्यकारकरीत्या स्थिर राहते, असे त्यांना दिसले. ते टक्क्याच्या अवघ्या दोन-तीन दशांशांनी वाढले, तरी श्वसनाचे मिनिटागणिक प्रमाण दुप्पट होत असे. ऑक्सिजनचे प्रमाण बरेच खाली आणले तरी मात्र श्वासात तितका फरक पडत नसे.

याचा अर्थ असा, की समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या निरोगी माणसाच्या श्वासाची दोरी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असते. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा रक्तातील या वायूवर आणि त्यामुळे बदलणाऱ्या आम्लतेवर बारीक लक्ष ठेवते. धावपटूच्या छातीचा भाता जोराने चालू लागतो, तो प्रामुख्याने आत काय कमी आहे म्हणून चालत नाही; बाहेर काय टाकायचे राहिले आहे, म्हणून चालतो.

हे चित्रही अपुरेच होते. १९१३ साली डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ आणि योहानेस लिंडहार्ड यांनी दाखवले, की श्रम सुरू होताच श्वसन तत्काळ वाढते. स्नायूंत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून लंबमज्जेपर्यंत पोचण्याआधीच हे घडते. म्हणजे पायांना निघालेल्या आज्ञेची एक प्रत मेंदू श्वसनकेंद्राकडेही धाडतो. श्वास हा केवळ मागणीनंतर होणारा पुरवठा नाही. त्यात पुढचा अंदाजही असतो. धाप या एका अनुभवात अशा अनेक संदेशांची बेरीज असते, ही जाणीव येथून रुजू लागली.

पडदा, वेळ आणि गणित

याच काळात एक मोठा वाद रंगला होता. हॉल्डेन यांचे मत असे, की गरज पडल्यास फुफ्फुसे ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतात. ऑगस्ट क्रोघ आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी १९१० च्या सुमारास केलेल्या काटेकोर मोजणीतून दाखवून दिले, की असे ढकलण्याची काही गरज नाही. साधे विसरण पुरेसे आहे. अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वायू आपोआप जातो, एवढेच.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे गणित स्वतः करून पाहता येईल. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. द्रवात ऑक्सिजनचा विसरण-गुणांक सेकंदाला साधारण २ × १०⁻⁹ चौरस मीटर धरला, तर एक मायक्रॉन अंतर कापायला मिलिसेकंदाच्या चौथ्या हिश्शाइतका वेळ पुरतो. रक्तपेशीतील हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरून जाण्याची संपूर्ण क्रिया धरली, तरी सुमारे पाव सेकंद लागतो. विश्रांतीत रक्तपेशी फुफ्फुसाच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते. म्हणजे काम संपल्यावरही दोन-तृतीयांश वेळ शिल्लक राहतो. धावताना रक्त वेगाने वाहते, हा काळ आक्रसतो. तरीही सामान्य धावपटूच्या धमनीतील रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलेच बाहेर पडते.

दुसरा हिशेब त्याहून बोलका आहे. जिवाच्या आकांताने धावणारा नवखा माणूस मिनिटाला सुमारे १०० लिटर हवा आत-बाहेर करतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे दर मिनिटाला २१ लिटर ऑक्सिजन त्याच्या छातीत जातो. त्यातला तो वापरतो अवघा तीन लिटरांच्या आसपास. सातातील सहा वाटे जसेच्या तसे बाहेर पडतात. दारात एवढे धान्य येऊन पडले असताना घरात उपासमार होत असेल, तर दोष दाराचा नसतो. धान्य चुलीपर्यंत नेणाऱ्यांचा आणि चुलींच्या संख्येचा असतो. अत्युच्च दर्जाच्या काही धावपटूंमध्ये मात्र रक्ताचा वेग इतका वाढतो, की पडद्यापाशीच वेळ अपुरा पडतो. १९८० च्या दशकात जेरोम डेम्प्सी यांनी हे दाखवून दिले. पहिल्या महिन्यातल्या धावकाने त्या अडचणीची काळजी करण्याचे कारण नाही.

पाठीवर पिशवी घेऊन धावणारा गणिती

मग अडते कुठे? हा प्रश्न ज्यांनी मैदानावर नेला, ते आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल मुळात गणिताचे विद्यार्थी. केंब्रिजमध्ये गणित शिकून ते स्नायूंच्या उष्णतेकडे वळले. १९२२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ओटो मायरहोफ यांना मिळाले. मँचेस्टरमध्ये असताना हिल स्वतः गवतावरील एका वर्तुळाकार मार्गावर पाठीला डग्लस पिशवी बांधून धावत. क्लॉड डग्लस यांनी १९११ साली तयार केलेल्या या हवाबंद पिशवीत उच्छ्वासाची सगळी हवा साठे. नंतर तिचे पृथक्करण करून ऑक्सिजनचा खप काढता येई.

वेग वाढवत नेला की खप वाढतो, हे अपेक्षितच होते. पण एका टप्प्यानंतर, वेग आणखी वाढवला तरी खप वाढेनासा होतो, असे हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ साली मांडले. हिल यांच्या स्वतःच्या बाबतीत ही मर्यादा मिनिटाला सुमारे चार लिटरांवर होती. आज घड्याळे आणि मोबाइल ॲप ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती ऑक्सिजन ग्रहण करण्याची कमाल क्षमता ही. त्या मर्यादेपलीकडचे श्रम शरीर जणू उधारीवर करते आणि नंतर धापा टाकत ती उधारी फेडते, असे सांगून हिल यांनी 'ऑक्सिजनचे कर्ज' ही कल्पना रूढ केली. या कर्जाचा सगळा बोजा त्यांनी लॅक्टिक आम्लावर टाकला होता. तो भाग पुढे टिकला नाही. लॅक्टेट हे स्नायूंना आणि हृदयाला चालणारे इंधनही आहे, हे जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकात प्रस्थापित केले. कमाल क्षमतेची कल्पना मात्र शंभर वर्षे उभी आहे.

या मर्यादेचे कारण हिल यांनी हृदयात शोधले, आणि त्याला आधार होता आडोल्फ फिक यांच्या १८७० सालच्या एका साध्या समीकरणाचा. १८५५ साली विसरणाचा नियम मांडणारे फिक ते हेच. ऑक्सिजनचा खप म्हणजे हृदयाने मिनिटाला ढकललेले रक्त गुणिले प्रत्येक लिटर रक्तातून ऊतींनी काढून घेतलेला ऑक्सिजन. विश्रांतीत हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलते आणि प्रत्येक लिटरमधून ५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरला जातो; खप २५० मिलिलिटर. कसून धावताना अप्रशिक्षित हृदय सुमारे २० लिटर रक्त ढकलते आणि प्रत्येक लिटरमधून १५० मिलिलिटर काढले जातात. खप तीन लिटर. एका लिटर रक्तात ऑक्सिजन मावतो तो साधारण २०० मिलिलिटर. त्यामुळे वाढीला सर्वाधिक वाव उरतो तो हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्तात. श्रेष्ठ धावपटूंमध्ये हृदयाचा हा पुरवठा मिनिटाला ३५ लिटरांच्याही वर जातो.

विज्ञान हे समीकरण मांडत होते, तेव्हा धावणारे थांबले नव्हते. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहून दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला आणि १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटांत पूर्ण केली आणि १९ वे स्थान मिळवले. त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार यांना ती पूर्ण करता आली नाही. त्यांच्या हृदयाची क्षमता किती, हे सांगणारे एकही उपकरण त्या वेळी देशात या कामासाठी उपलब्ध नव्हते. मात्र १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि प्राणायामासारख्या क्रिया मोजमापाच्या कसोटीवर आणण्याचा आग्रह धरला. श्वासाविषयीच्या परंपरागत दाव्यांना उपकरणासमोर उभे करण्याचे धाडस आपल्याकडे त्या काळी झाले, याची नोंद घ्यायला हवी.

हिल भारतात येतात

या कथेचे दोन धागे १९४३ साली एकत्र आले. बंगालमध्ये दुष्काळ पडला होता, महायुद्ध चालू होते आणि भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिल नोव्हेंबरमध्ये भारतात आले. ते तेव्हा रॉयल सोसायटीचे सचिव होते. १९४४ च्या एप्रिलपर्यंत त्यांनी देशभरच्या प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये पाहिली आणि भारतातील वैज्ञानिक संशोधनावर एक अहवाल सादर केला. वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन एकाच छपराखाली आणणारे एक अखिल भारतीय केंद्र उभारावे, ही त्यातली महत्त्वाची शिफारस. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालातही अशाच संस्थेची कल्पना पुढे आली आणि १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, अस्तित्वात आली.

धावणाऱ्या माणसाच्या मर्यादा मोजणाऱ्या शास्त्रज्ञाने एका देशाच्या संस्थात्मक मर्यादांचे निदान करावे, हा योगायोग मला नेहमीच विचारात पाडतो. निदान एकच होते : कच्चा माल मुबलक आहे, तो पोचवणारी यंत्रणा उभी करायला हवी.

पेंटल आणि 'जे' ग्राही

अवतार सिंग पेंटल यांचा जन्म १९२५ साली ब्रह्मदेशातील मोगोक येथे झाला. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते संशोधनासाठी एडिंबरोला डेव्हिड व्हिटरिज यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी एक अवघड कौशल्य आत्मसात केले. शरीरातील इंद्रियांकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस चेता म्हणजे हजारो तंतूंची दोरी. तिचा एकच तंतू वेगळा काढून त्यातून जाणारे विद्युत्-संदेश मोजायचे, हे ते कौशल्य. शंभर माणसांच्या गलक्यातून एकाचाच आवाज ऐकावा, तसे हे काम.

१९५५ साली पेंटल यांनी मांजराच्या फुफ्फुसांतील अशा ग्राहींचे वर्णन केले, जे तोवर कोणी ओळखले नव्हते. आरंभी त्यांना फुफ्फुसे आक्रसताना चेतवणारे ग्राही समजले गेले. पण त्यांचे खरे काम वेगळेच निघाले. वायुकोशांच्या भिंतीत, केशवाहिन्यांना खेटून हे ग्राही असतात. केशवाहिन्यांतील दाब वाढून भोवतालच्या ऊतीत द्रव झिरपू लागला, की ते चेततात. १९६९ साली पेंटल यांनी ही यंत्रणा सविस्तर मांडली आणि 'केशवाहिनीलगतचे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्यांना 'जे' ग्राही हे नाव दिले. आज जगभरच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ते याच नावाने येतात.

हे ग्राही चेतले की श्वास उथळ आणि जलद होतो, धाप जाणवते आणि आणखी एक विलक्षण गोष्ट घडते : हातापायांच्या स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. १९७० साली देशपांडे आणि देवानंदन यांनी हा परिणाम प्रयोगाने दाखवला. पेंटल यांची उपपत्ती अशी होती, की ही शरीराची सुरक्षाझडप आहे. श्रम बेसुमार वाढले, हृदयाकडून फुफ्फुसांत येणारा रक्तप्रवाह फुगला, पडद्याशी द्रव साचू लागला, की फुफ्फुसेच स्नायूंना 'आता थांबा' असे सांगतात.

ही उपपत्ती केवळ प्रयोगशाळेपुरती नव्हती. १९६२ च्या युद्धानंतर हजारो भारतीय जवान अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर नेले जात होते आणि फुफ्फुसांत पाणी साचून काही दगावत होते. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या नोंदींवर आधारलेला पर्वतीय आजारावरील अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. या सहकाऱ्यांत एम्सचे हृदयरोगतज्ज्ञ सुजॉय रॉय होते. ज्या वर्षी पेंटल 'जे' ग्राहींची यंत्रणा मांडत होते, त्याच वर्षी तिच्याशी नाते सांगणारी वेदना सीमेवरच्या माणसांच्या छातीत नोंदवली जात होती.

विज्ञानाच्या शिस्तीला अनुसरून पुढचेही सांगितले पाहिजे. निरोगी माणसाच्या रोजच्या धावण्यात 'जे' ग्राहींचा वाटा किती, यावर एकमत झालेले नाही. हृदय व फुफ्फुसे यांचे एकत्रित प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांचे चेतातंतू तुटलेले असतात. तरीही श्रम करताना त्यांचा श्वास वाढतो आणि त्यांना धाप जाणवते. म्हणजे ही एकच यंत्रणा सगळे स्पष्ट करीत नाही. फुफ्फुसांत द्रव साचणाऱ्या विकारांत मात्र धापेचा एक स्रोत म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

पेंटल यांनी काही वर्षे एम्समध्ये अध्यापन केले आणि नंतर दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालकपद दीर्घकाळ सांभाळले. १९८१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक. विज्ञानातील अप्रामाणिकपणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. २००४ साली त्यांचे निधन झाले.

नवख्या धावकाच्या शरीरात काय बदलते?

या साऱ्या इतिहासाचा मैदानावरील अर्थ काय? १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. त्यांची ऑक्सिजनची कमाल क्षमता मिनिटाला ३.३ लिटरांवरून सुमारे २.४ लिटरांवर घसरली. मग दोन महिन्यांच्या व्यायामाने ती ३.९ लिटरांपर्यंत चढली. एवढ्या चढउतारात मुख्य बदल हृदयाच्या पुरवठ्यात होता. १९६७ साली जॉन हॉलोझी यांनी दाखवले, की बारा आठवडे धावलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियांची श्वसनक्षमता जवळजवळ दुप्पट होते. धान्य वाहणारे वाढले आणि चुलीही वाढल्या. दार तेवढेच राहिले.

यातून काही व्यावहारिक गोष्टी सरळ निघतात.

पहिली गोष्ट सुरुवातीच्या मिनिटांची. धावायला लागल्यावर ऑक्सिजनचा खप लगेच वर जात नाही. विद्युत्-धारित्र भारित होते, तसा तो घातांकी वक्राने चढतो. अप्रशिक्षित माणसात त्याचा कालांक साधारण ३० ते ४० सेकंदांचा असतो, सरावाने तो घटतो. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांत जड जातात. पाच-दहा मिनिटे भराभर चालून मग धावायला लागले, तर हा धक्का सौम्य होतो.

दुसरी गोष्ट वेगाची. नवख्या माणसाची धाप बहुतेकदा अंतरामुळे लागत नाही, वेगामुळे लागते. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढ्याच वेगाने धावावे. वाक्य शब्दाशब्दाला तुटू लागले, की कार्बन डायऑक्साइडचा निचरा आणि आम्लतेचा भार तुमच्या आवाक्याबाहेर चालला आहे, असे समजावे आणि चालू लागावे. दोन मिनिटे धावणे, एक-दोन मिनिटे चालणे, असा क्रम लावणे यात कमीपणा काही नाही. हृदयाला आणि स्नायूंना त्यातूनही तोच संदेश पोचतो.

तिसरी गोष्ट श्वासाच्या लयीची. १९८३ साली डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर यांनी दाखवले, की चौखूर धावणारे प्राणी प्रत्येक उडीला एक श्वास घेतात, कारण त्यांच्या छातीवर पुढच्या पायांचा आघात होतो. दोन पायांवर धावणारा माणूस या बंधनातून मोकळा आहे. तो दोन, तीन, चार पावलांना एक श्वास अशा अनेक लयी वापरतो. त्यामुळे अमुक इतक्या पावलांना श्वास घ्याच, असा हट्ट नको. श्वास उथळ होतो आहे असे वाटले, तर उच्छ्वास थोडा लांबवावा. पोट सैल ठेवून श्वासपटलाला खाली उतरायला जागा द्यावी. नाक अपुरे पडले तर तोंडाचाही वापर खुशाल करावा. छाती तीच राहते, पण तिचा भाता कमी कष्टात चालतो.

चौथी गोष्ट काळाची. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागते, हृदयाचा ठोका भरदार होत जातो. केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया यांची वाढ दोन-तीन महिन्यांत ठळक होते. आठवड्यातून तीन-चार दिवस, बहुतांशी हलक्या वेगाने, असे आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय आपल्या छातीविषयी कोणताही निकाल लावू नये. मात्र छातीत दुखणे, घेरी येणे, श्वासातून शिटीसारखा आवाज येणे किंवा विश्रांतीतही धाप लागणे, ही सरावाने जाणारी लक्षणे नव्हेत. तेव्हा डॉक्टरांकडेच जावे.

हवेचे काय?

आपल्या देशात या विषयाला आणखी एक बाजू आहे. विश्रांतीत माणूस मिनिटाला पाच-सहा लिटर हवा घेतो. धावताना त्याच्या दहा-पंधरा पट. हवेत जे काही मिसळलेले असेल, तेही त्याच प्रमाणात आत जाते. २०१५ साली राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक सुरू झाल्यापासून शहरागणिक हवेची स्थिती आपल्याला पाहता येते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या दाट धुरक्यात होणारी अर्धमॅरेथॉन पुढे ढकलावी, अशी मागणी इंडियन मेडिकल असोसिएशनने केली होती. शर्यत तरीही झाली. ज्या शहरात 'जे' ग्राहींचा अभ्यास झाला, त्याच शहरातील मुलांना धावण्याआधी निर्देशांक पाहावा लागतो. धावकाची धाप सरावाने कमी होईल, शहराची धाप कोणत्याही वैयक्तिक सरावाने कमी होणार नाही. निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी घरात व्यायाम करावा, आणि तो रोजच वाईट का असतो, हा प्रश्न विचारणेही सोडू नये.

हॉल्डेन, क्रोघ, हिल आणि पेंटल यांनी जे शोधले, त्याचे सार असे सांगता येईल : धाप हा फुफ्फुसांच्या लायकीचा दाखला नसून शरीराने पाठवलेला निरोप असतो. त्यात कार्बन डायऑक्साइडचा हिशेब असतो, मेंदूचा अंदाज असतो, हृदयाची सध्याची कुवत असते आणि कधी फुफ्फुसांचा इशाराही असतो. निरोप वाचता आला की भीती ओसरते. मराठीत दम म्हणजे श्वास, दम म्हणजे चिकाटी आणि 'दमाने घे' म्हणजे सावकाश, धीराने कर. धावायला नुकत्याच लागलेल्या माणसाला द्यायचा सल्ला या दोन शब्दांत पूर्ण होतो. त्यामागची कारणे शोधायला तेवढी पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत लागली.